मागचं तेवढं काढून टाक

धरण भरलं की येलदरीला गर्दी लोटते. ही माणसं पाणी बघायला येतात असा आपला समज असतो. खरं तर ती पाण्याकडं पाठ करून उभी राहायला येतात. पूर्णेवरचं हे धरण १९६८ सालचं. ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी पोटात घेणारं, दहा दरवाज्यांचं, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर बाळगणारं. एवढं सगळं पाहायला जिंतूरहून, परभणीहून, सेनगावहून गाडी काढून आलेला माणूस पाणी दिसताच गर्रकन वळतो, केसांवरून हात फिरवतो आणि फोन धरणाऱ्याला बजावतो, "मागं दरवाजे आले पाहिजेत बरं का!"

दरवाजे येतात, पण एकटे येत नाहीत. सोबत मक्याची कणसं भाजणारा येतो, त्याचा धूर येतो, कुणाची तरी स्प्लेंडर येते आणि तिच्या आरशाला अडकवलेली पिशवी येते. दुसऱ्या एका कुटुंबातली आई येते, ती नेमकी त्याच क्षणी पोराचं नाक पुसत असते. डावीकडून एक अनोळखी कोपर येतं. नुसतं कोपर, त्याचा मालक कोण हे अखेरपर्यंत कळत नाही. आणि डोक्याच्या बरोबर मधोमध, टाळूतून उगवलेला, विजेचा खांब.

फोटो काढताना यातलं काहीच दिसत नाही, हा मोठा चमत्कार आहे. डोळा फार मतलबी अवयव आहे. त्याला बायको बघायची असली की बायकोच दिसते, मागचा खांब तो मेंदूपर्यंत पोहोचूच देत नाही. कॅमेऱ्याला असलं काही कळत नाही. त्याच्या लेखी बायको आणि खांब सारखेच. मग घरी आल्यावर दोन बोटांनी फोटो मोठा केला जातो, क्षणभर शांतता पसरते आणि कुणीतरी निकाल देतं, "बाकी झकास आलाय. मागचं तेवढं काढून टाक म्हणावं त्याला."

'त्याला' म्हणजे माझ्या भाच्याला. जिंतूरला त्याचं दुकान आहे. पाटीवर 'डिजिटल फोटो स्टुडिओ' असं लिहिलं असलं तरी आत झेरॉक्स, लॅमिनेशन, पीकविम्याचे अर्ज, सातबाराचे उतारे, आधारला मोबाइल जोडणं आणि लग्नाचे अल्बम असा एकत्र संसार नांदतो. निवृत्त माणसाला बसायला याहून चांगली जागा तालुक्यात नाही. पंखा आहे, चहा येतो, आणि लोक आपल्या फोटोतून काय काय काढायला सांगतात हे फुकट ऐकायला मिळतं.

ऐकून ऐकून माझं एक मत झालंय. लोक माणसं काढायला सांगतात. वस्तूंच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतात. सोयरिकीसाठी मुलीचा फोटो आला की बाप सांगतो, "मागची दोरी काढ, दोरीवरचे कपडे काढ, गॅसची टाकी काढ." भाचा माउस घेऊन पुढं सरकतो तोवर घाईनं पुरवणी येते, "फ्रीज राहू दे." एकदा एक गृहस्थ धरणावरचा फोटो घेऊन आले. मागं तेरा-चौदा अनोळखी माणसं आणि एक पांढरी मोठी गाडी. माणसं सगळी काढायची ठरली. गाडी कुणाची म्हणून भाच्यानं विचारलं, तर म्हणाले, "कोणाची का असंना. ती काढू नको."

खांब आणि तारा काढायला मात्र कुणाचीच ना नसते. येलदरीच्या फोटोत त्या असणारच, कारण वीजघर तिथंच आहे. मला यात एक न्याय दिसतो. वीज येलदरीत तयार होते, तारांवरून जाते, त्या वाटेत कुणाच्या तरी डोक्यामागं येतात, आणि मग जिंतूरच्या दुकानात विजेवरच चालणाऱ्या संगणकावर त्या तारा पुसल्या जातात. मध्येच लाइट गेली की भाचा महावितरणच्या नावानं बोटं मोडतो. अर्धी तार पुसलेली आणि अर्धी तशीच अशा अवस्थेत फोटो पडद्यावरून नाहीसा होतो.

तार पुसणं तसं सोपं. मागं निळं आभाळ असलं की यंत्राला फारसं डोकं लावावं लागत नाही. आजूबाजूचं निळं उचलायचं आणि तारेवर ठेवायचं. तार केसांमागं गेली की खरी परीक्षा. केस एकेक मोकळा, वाऱ्यावर उडालेला, त्यांच्या फटीतून तार दिसते. तिथं घाई केली तर तार जाते, पण बाईंचे केसही जातात आणि डोक्यावर टोप घातल्याचा भास होतो. चांगला कारागीर आणि नुसता माउस धरणारा यांच्यातला फरक केसांच्या कडेला कळतो.

त्याहून चकवणारी गोष्ट सावली. माणूस काढला जातो आणि सावली तिथंच राहते. भर दुपारी धरणाच्या भिंतीवर कुणीही नाही आणि दगडांवर मात्र एक सावली पडलेली आहे, असा फोटो मी दुकानात पाहिलाय. पाणी असलं तर सावलीबरोबर प्रतिबिंबही. वरचा मनोरा पुसला आणि पाण्यातला तसाच डोलत राहिला. गिऱ्हाइकाला हे दाखवलं तर त्याला त्यात काहीच वावगं वाटेना. "पाण्यात कोण बघतंय?" असं म्हणून पैसे देऊन निघून गेला.

काढणं म्हणजे नुसतं काढणं नसतंच, हे दुकानात बसल्यावर कळतं. रबरानं पेन्सिल खोडली की खाली कागद असतो. फोटोत खांब खोडला की खाली काहीच नसतं, भोक असतं. खांबामागं काय होतं हे कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नाही. म्हणून पुसणाऱ्याचं खरं काम पुसल्यानंतर सुरू होतं. तिथं काहीतरी बसवावं लागतं आणि ते पहिल्यापासून तिथंच होतं असं भासवावं लागतं. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकी भावांचं फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आलं, तेव्हापासून त्यात यासाठी शिक्क्याचं एक हत्यार आहे. दुकानदार मंडळी त्याला नुसतं 'क्लोन' म्हणतात. शेजारचा तुकडा उचलायचा, भोकावर ठेवायचा. आजी फाटक्या गोधडीला त्याच लुगड्याच्या पदराचं ठिगळ लावायची, ते याहून वेगळं नव्हतं. फक्त आजीला ठिगळ लपवायचं नसायचं.

२००२ साली 'हीलिंग ब्रश' आला. तो शेजारचा पोत घेतो आणि जिथं बसवायचा तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो. २०१० मध्ये तर यंत्र म्हणालं, तुम्ही नुसती रेघ ओढा, काय बसवायचं ते माझं मी शोधतो. ते सगळा फोटो धुंडाळतं आणि भोकाच्या कडांशी जुळतील असे तुकडे गोळा करून आणतं. आभाळ, पाणी, गवत असेल तर काम फत्ते. पण येलदरीला त्यानं एकदा कणीसवाल्याच्या जागी काय बसवावं? शेजारचं काहीतरी हवं होतं, आणि शेजारी दुसरा कणीसवाला होता. पहिला गेला आणि दुसऱ्याचे दोन झाले. दोघांचे हात एकाच वेळी वर, दोघांच्या कणसातून एकसारखा धूर. भाच्यानं कपाळावर हात मारला, मी मात्र ती प्रत मागून घेतली.

संगणकवाल्यांनी ही भोकं बुजवायची विद्या सुरुवातीला जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांकडं पाहून घेतली. २००० साली मार्सेलो बर्तालमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो गाजलेला निबंध मांडला, त्यात त्यांनी तसं सांगूनच टाकलंय: संग्रहालयातले कारागीर कडेच्या रेघा आत ओढत नेतात, मग रंग भरतात, तेच आम्ही गणितानं करतो. हे वाचलं तेव्हा मला अजिंठा आठवला, आणि त्याला कारण आहे. येलदरीला अडवलेली ही पूर्णा अजिंठ्याच्याच डोंगररांगांत उगम पावते. आणि आमच्या भागासारखाच अजिंठाही एकेकाळी निजामाच्या राज्यात होता. निजाम सरकारनं १९२०च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन कारागिराला लेण्यांतली चित्रं वाचवायला बोलावलं. सुटलेले पोपडे त्यांनी भिंतीला धरवले, ते मोठं काम झालं. पण वरून लाखेच्या रोगणाचा हात दिला आणि तो पुढं पिवळा पडत गेला. ते रोगण उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या पिढ्या गेल्या. दुरुस्तीची दुरुस्ती हा आपल्याकडचा कायमचा उद्योग आहे.

निजामाचं नाव निघालंच आहे तर राजा दीनदयाळांना नमस्कार करून पुढं जाऊ. हे निजामाचे दरबारी फोटोग्राफर; सिकंदराबादला स्टुडिओ, १८९६ मध्ये मुंबईतही काढला. त्या काळातल्या स्टुडिओंनी मागच्या नको असलेल्या गोष्टींचा बंदोबस्त आधीच केला होता. मागं रंगवलेला पडदाच सोडायचा. पडद्यावर खांब असायचे, पण संगमरवरी. जिना असायचा, तो कुठंच जायचा नाही. तरीही काही चुकलंच तर चित्रकार बसलेला असायचा. एकोणिसाव्या शतकातले रंगवलेले हिंदुस्थानी फोटो पाहिले तर चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा आणि बाकी गालिचा, लोड, महिरप, आभाळ सगळं ब्रशचं. जाड रंगाखाली मूळची भिंत गाडून टाकलेली. आमच्या लहानपणी तालुक्याच्या स्टुडिओत अंधाऱ्या खोलीबाहेर एक तिरकं टेबल असायचं. त्यावर निगेटिव्ह ठेवून, खालून उजेड घेऊन, टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं माणूस नवरीच्या गालावरचे डाग घालवायचा. निगेटिव्हवर काळं केलं की छापताना उजळ होतं, हा सगळा उलटा हिशोब. मागची आख्खी भिंतच नको असेल तर तिच्यावर लाल रंगाचा दाट हात, म्हणजे छापून येताना तिथं कोरं पांढरं. पासपोर्ट फोटोतलं पांढरं आज एका कळीवर येतं, तेव्हा त्यासाठी दुपार जायची.

मात्र या सगळ्या कलेची खरी कसोटी लागते ती माणूस गेल्यावर.

आमच्या भागात जुन्या पिढीतल्या माणसाचा एकट्याचा असा फोटो सहसा नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, आणि त्यात तो ओळखू येत नाही. मग माणूस जातो, संध्याकाळपर्यंत चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागायचा असतो, दहाव्याला हार घालायला फ्रेम लागते. लग्नांचे अल्बम उघडले जातात. जेवणाच्या पंगतीत, आहेर देताना, वरातीत, कुठंतरी तो सापडतो, पण पाच-सहा जणांच्या घोळक्यात. त्यातून त्याला एकट्याला काढायचं. म्हणजे खरं तर बाकीच्यांना काढायचं. मागं फिकट निळं आभाळ टाकायचं. नातवाचा हट्ट असेल तर कोट चढवायचा. भाच्याच्या संगणकात असे कितीतरी तयार कोट आहेत, गळ्यापर्यंत. ज्यांनी जन्मभर धोतर आणि सदरा सोडून काही घातलं नाही, ते भिंतीवर टाय लावून बसतात. फेट्याला मात्र कुणी हात लावू देत नाही. कोट घाला, टाय घाला, पण वर फेटा तोच. हे रसायन फार छान दिसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एक जण असाच आला. डोक्याचे केस काढलेले, हातात पंचवीस वर्षांपूर्वीचा लग्नातला फोटो. म्हणाला, "मह्या बापाचा फोटो मोठा करायचाय. बाजूचा तेवढा काढून टाक."

भाच्यानं फोटो स्कॅन केला. दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून उभे. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.

"बाजूला कोण हाय?"

"कोणी नाही. चुलता हाय."

यावर पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही. शेताच्या बांधाचं प्रकरण असणार, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. भाच्यानं चुलत्याला कडेकडेनं कापत आणलं. कान सुटला, खांदा सुटला, सदरा सुटला. शेवटी राहिला तो हात. बापाच्या खांद्यावर चार बोटं, एकात अंगठी. माणूस नाही, नुसता हात. तो काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण बोटांखाली सदऱ्याला चुण्या होत्या. बोटं गेली, चुण्या राहिल्या. चुण्याही सपाट केल्या. तरी फोटोत काहीतरी खटकत होतं. भाचा खुर्ची मागं सारून बघत बसला आणि म्हणाला, "मामा, हात काढला, पण खांदा खालीच हाय."

खरंच होतं. तो म्हातारा भावाकडं किंचित झुकून उभा होता. भाऊ काढला, पण झुकणं कसं काढणार? तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणाच्याही घरी गेलो की हार घातलेल्या फोटोकडं बघतो. मान एका बाजूला कललेली दिसली की समजायचं, इथं शेजारी कुणीतरी होतं. तुम्हीही बघा. कललेल्या माना पुष्कळ सापडतील.

या भाच्याची एक सवय मला फार आवडते, आणि ती त्याला कुठल्या क्लासात शिकवलेली नाही. फोटोशॉपमध्ये चित्राचे थर असतात, लेयर. प्रत्येक थरापुढं एक डोळा असतो. डोळा बंद केला की तो थर दिसत नाही, पण जात नाही. भाचा कुणालाही डिलीट करत नाही, नुसता डोळा बंद करतो. चुलत्याचाही एक थर करून त्यानं तो झाकून ठेवला. मी म्हटलं, "कामून ठेवतो? जागा खातंय." तर म्हणाला, "मामा, मी जिंतूरमधी धंदा करतो. इथली भांडणं लग्न निघालं की मिटतात." पुढं त्या घरात लग्न निघालं. निमंत्रणाच्या फ्लेक्सवर दोघा भावांचा फोटो हवा होता. मूळ कागदी फोटो तोवर पावसात भिजून गेला होता. भाच्यानं फाइल उघडली, डोळा उघडला, चुलता परत आला. अंगठीसकट.

राजकारणाच्या फ्लेक्सचं काम करणाऱ्यांना तर हे तंत्र जीव वाचवणारं ठरलंय. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रात दोन पक्ष उभे फुटले, तेव्हा राज्यभरच्या डीटीपीवाल्यांना रात्री जागाव्या लागल्या असणार. कालपर्यंत मध्यभागी असलेला चेहरा आज कोपऱ्यातही नको, आणि कोपऱ्यातला मध्यभागी. जुलै २०२३ मध्ये शरद पवारांनी जाहीरच सांगितलं की माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय वापरायचा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं दुसऱ्या गटाकडून त्यांचं नाव आणि फोटो वापरणार नाही अशी लेखी हमी मागितली. फोटोतून कुणाला काढायचं हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढं जावा, यावरून या कामाची थोरवी लक्षात यावी. भाच्याकडं नेत्यांचं एक वेगळं फोल्डर आहे. त्यातले निम्मे डोळे बंद आहेत. कोण कधी उघडावा लागेल याचा नेम नाही, म्हणून तो त्यातलं काहीही पुसत नाही. त्याचा कुठल्याच पक्षावर राग नाही; सगळ्यांकडं थोडी थोडी उधारी आहे.

जगात इतरत्र असं नुसतं झाकून भागलं नाही. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिन उभा आहे आणि त्याच्या शेजारी त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह. १९४० मध्ये येझोव्हला गोळी घातली गेली, आणि मग त्याला फोटोतूनही काढलं. त्याच्या जागी काय बसवलं? कालव्याचं पाणी. पाणी बसवायला सोपं असतं, हे त्या रशियन कारागिरालाही ठाऊक होतं. संगणक नव्हता, ब्रश आणि कात्री होती, आणि काम इतकं सफाईचं की दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. येलदरीच्या पाण्याखालीही कुणाकुणाची रानं गेली आहेत. ती कुठल्या फोटोत नाहीत म्हणून कुणी काढायलाही सांगत नाही.

नुसत्या खांबापायीही जगात गहजब झालेला आहे. ४ मे १९७०ला अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले. जॉन फिलो या विद्यार्थ्यानंच फोटो काढला: जमिनीवर पडलेला तरुण, त्याच्याशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणारी चौदा वर्षांची मुलगी. फोटोला पुलित्झर मिळालं. पण त्या मुलीच्या डोक्यामागं कुंपणाचा एक खांब होता, बरोबर टाळूतून उगवलेला. पुढं कुणीतरी तो गुपचूप पुसला, आणि बिनखांबाची प्रत नामवंत मासिकांतून वर्षानुवर्षं छापली गेली. १९९५ मध्ये हे चव्हाट्यावर आलं, तेव्हा पत्रकारितेत खांबावरून केवढा वाद झाला! २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटोनं स्टेपान रुदिक या युक्रेनियन छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं, का तर त्यानं मागच्या एका माणसाचं जरासं दिसणारं पाऊल पुसलं होतं. पाऊल! मी हे भाच्याला सांगितलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "आपल्याला कोण बक्षीस देतंय?"

मला वाटतं दोघंही बरोबर आहेत. बातमीच्या फोटोत खांब होता तर खांब दिसलाच पाहिजे, कारण तो फोटो साक्षीदार आहे आणि साक्षीदारानं केस विंचरून यावं, पण साक्ष विंचरू नये. घरातला फोटो कुठं साक्षीला उभा राहणार आहे? बायकोच्या डोक्यातून खांब उगवलेला पाहत कुणी संसार करावा, असा आग्रह मी धरणार नाही. कोपर काढा, कणीसवाला काढा, नाक पुसणारी आई काढा. तिच्या फोटोतून तिनंही आपल्याला काढलेलंच असणार. येलदरीला एका दुपारी उभ्या राहिलेल्या प्रत्येक कुटुंबानं बाकी सगळी कुटुंबं पुसून टाकली, तर सगळ्यांचे फोटो मिळून धरणावर त्या दिवशी एकाच वेळी गर्दीही होती आणि कुणीही नव्हतं.

अडचण हल्लीच्या नव्या यंत्रांची आहे. आता दुकानात जायचीही गरज नाही. गूगलनं २०२१ मध्ये आपल्या फोनात पुसायची सोय दिली आणि २०२४ मध्ये ती सगळ्यांना फुकट केली. बोटानं गोल करा, माणूस गेला. फोटोशॉपमध्येही २०२३ पासून यंत्र शेजारचे तुकडे गोळा करत बसत नाही. जगभरचे फोटो पाहून पाहून जे शिकलं त्यातून नवंच काहीतरी रंगवून बसवतं. भाच्यानं एकदा येलदरीच्या फोटोतली मागची बाभळ काढली. यंत्रानं तिथं उंच, टोकदार, हिरवीगार सुचीपर्णी झाडं लावून दिली. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आम्ही अभिमानानं म्हणतो खरं, पण यंत्रानं ते इतकं मनावर घ्यायला नको होतं. फोटोतले आजोबा उन्हानं डोळे बारीक करून उभे, कपाळावर घाम, आणि मागं थंड हवेचं जंगल. आजोबांना ते आवडलं. "कुठला हाय हा फोटो?" असं त्यांनी विचारलं, ही त्यातल्या त्यात काळजीची गोष्ट.

जुन्या ठिगळात निदान धागा त्याच गावचा असायचा. दुसऱ्या कणीसवाल्याचे दोन झाले तरी तो येलदरीचाच कणीसवाला होता. हे नवं यंत्र बाभळीच्या जागी काय असावं ते येलदरीला विचारत नाही. त्याला बाभळ ही नको असलेली वस्तू आहे एवढंच कळतं, आणि ते आपणच त्याला बोट दाखवून शिकवलंय.

तेव्हा फोटो जरूर नीट करून घ्या, पण मूळ फोटो घालवू नका. दुकानदाराला पाठवताना व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला तर तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुरुस्त झालेला फोटो वेगळ्या नावानं ठेवा, मूळ फाइल परत मागून घ्या आणि थरांची फाइल राहू द्यायला सांगा, जागा गेली तर गेली. छापील फोटो असेल तर पाठीमागं मऊ पेन्सिलीनं तारीख, गाव आणि सगळ्यांची नावं लिहा. ज्यांना काढून टाकलंय त्यांचीही.